सही

मांडवीजवळच्या लायब्ररीत कपाटांमधली जमीन काचेची आहे,
जाड, हिरवट.
वर कोणी चाललं की खाली सावल्या पडतात.
चपला ओळखू येतात, माणूस नाही.

तिथे उभ्याउभ्या मी त्या लोकांची पुस्तकं निवडली,
दोन वर्षं, दर मंगळवारी.
माझं इंग्रजी बँकेतलं, कर्जाच्या अर्जांचं,
म्हणून सावकाश.
एका पानावर एक बाई प्रवासाला निघते,
डब्याबरोबर एक रिकामी बरणीही घेते मुलांसाठी,
कारण वाटेत कुठल्याच संडासाचं दार
त्यांना उघडणार नाही.
त्या बरणीपाशी मी अडले.
समासात पेन्सिलीनं लिहिलं, ‘किती हा दुष्टपणा!’
पुढच्या पानावर नुसतं ‘अरेरे’.

‘ब्लॅक’ला मराठीत काय म्हणावं, ते मात्र जमेना.
देव आपला सावळा. पैसा काळा.
आणि माझ्या स्थळाच्या पत्रात आईनं लिहिलेलं ‘निमगोरी’.
उरलेलं निम्मं काय, कोणी विचारलं नाही.
मीही नाही. डाळीचं पीठ लावत राहिले.

मार्चमध्ये वरचा फ्लॅट बघायला एक मुलगी आली.
मलावीची. चिसोमो.
युनिव्हर्सिटीत कापडाचा अभ्यास.
सँडल बाहेर काढून अनवाणी दारात उभी राहिली,
पाणी मागितलं.
मी दिलं. फ्रिजमधलं, काचेच्या पेल्यात.
(हे मी स्वतःला बरेचदा सांगते.)

रविवारी मीटिंग.
हर्षदभाई म्हणाले, आपल्याला काही नाही हो,
पण वास, रात्रीचं येणं-जाणं,
उद्या फ्लॅटचे भाव.
शिर्के मान हलवत होते.
रजिस्टर फिरत फिरत माझ्यापाशी आलं.
मी चष्मा शोधला खूप वेळ,
तो डोक्यावरच होता.
मग केली. बँकेतली सवय,
अक्षर वळणदार आलं.

याच गावात एका शिकून आलेल्या माणसाला
कोणी खोली दिली नव्हती.
तो झाडाखाली बसला, ती जागा
मी नातवाला दाखवून आणली आहे,
माहितीसकट.

काल पुस्तक परत केलं. सात दिवस उशीर, दंड भरला.
काउंटरवरची मुलगी पानं चाळता चाळता
खोडरबर शोधू लागली.
“कोण लिहितं हो असं पुस्तकात?”
असतात लोक, मी म्हटलं.

नवं काही घ्यावं म्हणून आत गेले.
काचेवर कोणीतरी चालत होतं.
सँडल असाव्यात.
मान दुखेपर्यंत मी वर बघत राहिले.