दोन ग्रॅम

तिक्कबेड, म्हणाली होती नीलव्वा, मेल्लक, मेल्लक,
आणि माझ्या तळहातावर बोट फिरवून दाखवलं,
झोपलेल्या पोराचं नाक पुसावं तसं.
मग तोडे माझ्या ओच्यात टाकले,
इरकलीच्या जुन्या तुकड्यात बांधलेले,
आणि धारवाडच्या गाडीत बसली ईरण्णाशेजारी.
चार महिन्यांसाठी.

गाठ सोडली तर आत सोनाराची चिठ्ठी.
कानडी आकडे. दोन आणि चार आपल्यासारखेच,
एक मात्र खाली उघडा राहिलेला गोल,
तोड्यासारखाच, पाय शिरायला जागा ठेवलेला.
दोनशे चौदा ग्रॅम.

आमच्या वडगावची हवा चांदीला सोसत नाही.
मागच्या गल्लीत सूत रंगवतात,
शेजारी रोज लसणाची चटणी कुटतात,
महिन्याभरात ती पिवळट होते, मग जांभळट,
मग तव्याच्या कडेसारखी.
म्हणून दर अमावास्येच्या आदल्या रात्री
मी रिठे भिजत घालायची.
सकाळी फेस, कोमट पाणी,
नातवाचा टाकून दिलेला मऊ ब्रश.
फासा कुठे आहे ते बोटांना पाठ.
घुंगराच्या पोटात पाणी राहतं,
ते कानाशी हलवून बघायचं,
खळखळ ओली की कोरडी.
मग मलमलीनं टिपायचं. पुसायचं नाही, टिपायचं.
डब्यात खडूचा एक तुकडा, ओल पिऊन घेणारा.
रबर नको, वर्तमानपत्र नको.

भाचा म्हणाला, मावशी, कसली मेहनत करूलालीस,
सोडा टाक, खाली फॉइल अंथर, दोन मिनिटं.
मी आधी माझी जोडवी घातली त्यात.
लख्ख झाली. इतकी लख्ख
की पाकळ्यांमधल्या रेघाही गेल्या,
सोनारानं मुद्दाम ठेवलेला काळा,
ज्याच्या जिवावर फूल फूल दिसत होतं.
सगळं काळं म्हणजे मळ नव्हे, हे
माझी जोडवी गेल्यावर कळलं.
नीलव्वाच्या तोड्यांना सोडा दाखवलासुद्धा नाही.

चार महिन्यांची अकरा वर्षं झाली.
सुरुवातीला फोन यायचा.
ती कानडीत विचारायची, मी मराठीत सांगायची,
माग बंद पडले, अंगणातला शेवगा तोडला,
बेळ्ळी छान आहे गं, आरशासारखी.
मग तिचं विचारणं आखडत गेलं.
मागच्या वर्षी म्हणाली, यारु? कोण?
मी नाव सांगितलं. परत म्हणाली, यारु?
तेव्हा मी फोनजवळ तोडा हलवला.
बराच वेळ पलीकडे कोणी बोललं नाही,
ठेवलाही नाही.

परवा ईरण्णाचा आला.
आईचे तोडे तुमच्याकडे आहेत ना,
वजन किती भरेल?
आई कशी आहे ते तो बोलला नाही,
मीही विचारलं नाही. वजन विचारलं, त्यातच आलं सगळं.

शहापुरात रेवणकरच्या काट्यावर ठेवले.
दोनशे बारा.
परत ठेव म्हटलं. पंखा बंद कर म्हटलं.
दोनशे बारा.
माझे कान तापले. अकरा वर्षं कपाटाची किल्ली
कमरेला होती माझ्या.
काय सांगू त्या पोराला?

रेवणकर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
अक्का, कोण नेणार दोन ग्रॅम?
तुम्ही जपलात, त्यातच गेले.
कितीही मऊ हातानं पुसा,
चांदी थोडी थोडी फडक्यात उतरतेच की.

घरी आले. मलमल काढली खुंटीवरची,
अकरा वर्षं तीच एक,
मधोमध काळी, शाईनं भिजल्यागत.
उजेडात धरली. काही चमकलं नाही.
धुवावी म्हणून बादलीत टाकणार होते.

उद्या ईरण्णा येईल, तोडे नेईल.
चिठ्ठीही देईन, काही खोडणार नाही.
दोन कमी का, विचारलं तर सांगेन रेवणकर म्हणाला ते,
पटलं तर पटलं.
फडकं देणार नाही.