मजुरीचा रकाना

कुडचड्याला रोकीच्या अड्ड्यावर बोर्ड किलोवर मिळतात.
हिरवे वेगळे, तपकिरी वेगळे.
तपकिरी उचलले की तो विचारतो, "तातूंत कितें आसा रे?"
आणि तरीही काट्यावर बोट ठेवतो.

दुकानात आणून पोतं ओततो.
पंखा खिडकीकडे, गरम हवा तीनशे ऐंशीवर.
कथील आधी मळकट असतं, मग एकाएकी
ताज्या माशाच्या डोळ्यासारखं लखलखतं.
तेव्हाच उचलायचं.
आधी ओढलं तर पाय तुटतो,
उशीर झाला तर आतलं करपतं, आणि बाहेरून कळत नाही.

सुकांती वीजबिलाच्या पाठीवर हिशेब मांडते:
एका चिपला साडेतीन मिनिटं,
विसातल्या सात जिवंत,
जिवंत आहे हे कळायला आणखी दहा मिनिटं,
नवी बावीस रुपयांत, घरपोच.
"मजुरीचा रकाना कोराच ठेवलाय," म्हणते.
"भरला तर दुकान बंद करावं लागेल."

मी तिला गेल्या महिन्यातली 'नवी' दाखवतो.
कापसाला ॲसिटोन लावून पुसली,
नाव निघून आलं, खाली दुसरंच नाव.
म्हणजे तीही कुणीतरी, कुठेतरी,
अशीच वाकून उपटलेली.
"मग त्याच्या मजुरीचं काय झालं?" सुकांती विचारते.
मला माहीत नाही.

मंगळवारच्या पोत्यात एक बोर्ड निघाला,
सांध्यासांध्यांत तांबडी धूळ.
बोट ओलं करून पुसली आणि ओळखली.
दोरीवरच्या कपड्यांवर बसायची, भाताच्या झाकणावर बसायची, तीच.
खाणीच्या वजनकाट्याचा बोर्ड.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, ट्रकवर क्लीनर.
काट्यावर उतरायचं असायचं, मी झोपलेला असायचो.
माझे बावन्न किलो कितीदा तरी
खनिजात धरले गेले, बार्जमध्ये चढले,
कुठल्या देशात वितळले असतील, देव जाणे.

आठ पायांची चिप, शेंगदाण्याएवढी.
बारा मिनिटं घेतली तिला, घाई केली नाही.
वाचून पाहिली: जवळजवळ सगळी रिकामी,
कोपऱ्यात चार-पाच आकडे.
रिकामा काटा कशाला म्हणायचं,
तेवढंच तिला ठाऊक होतं.
दहा वर्षं अंधारात तेवढंच धरून बसली होती.

शुक्रवारी आनामारी आली, बाजारातली.
"म्हजो काटो फट मारता," म्हणाली,
"गिऱ्हाईक मला चोर म्हणतं."
तिच्या काट्यातली तीच चिप, तोच नंबर, मेलेली.

बसवली.
पण त्याआधी पुसावी लागली.
बटण दाबायला मला थोडा वेळ लागला,
सुकांतीने पाहिलं, बोलली नाही.

आनामारीकडे सुटे नव्हते.
त्या रात्री बिलाच्या पाठीवर,
कोऱ्या रकान्यात,
सुकांतीच्या अक्षरात:
बांगडे, सहा. एक जरा मऊ.