सूर, झोन एकवीस

पहाटे चारला सुरुवात. ग्रीनिचला तेव्हा शून्य.
त्याआधी दोन दिवस आम्ही नुसते तणावे बांधत होतो,
ओमानच्या किनाऱ्यावर, सलीम अल-अरैमीच्या मामाच्या गच्चीवर,
आणि वारा ते सोडवत होता.
थंकच्चननं खांब पेलला, रोडेलनं चिकटपट्टी दातानं तोडली,
मी खाली उभा राहून "जरा डावीकडे" म्हणत राहिलो.
गॅस प्लांटातही माझं काम साधारण हेच.
गावाचं नाव सूर. बदली झाली तेव्हा बायको म्हणाली होती,
तुला कुठला सापडायला?

नियम साधा आहे.
अठ्ठेचाळीस तास जगाला हाका मारायच्या,
कुणी ओ दिली की म्हणायचं: पाच-नऊ, एकवीस.
एकवीस हा आमचा झोन.
पाच-नऊ म्हणजे तुमचा आवाज खणखणीत येतोय.
तोही म्हणतो पाच-नऊ, त्याचा आकडा, आभार.
पुढचा.

आवाज खणखणीत येत नसतो.
फिनलंडचा कुणी विहिरीच्या तळातून बोलतो,
ब्राझीलचा अर्धाच पोचतो,
बाकी सगळं कढईत तडतडणारं जिरं.
तरी सगळे सगळ्यांना पाच-नऊ देतात.
संगणक तर रकाना आधीच भरून ठेवतो,
मी दर शुक्रवारी घरच्या फोनवर ठेवतो तसा.

शनिवारी आठला तासाला एकशे ऐंशीनं चाललं होतं.
सलीम मागे उभा, नजर आकड्यावर,
हातातला कहवा गार.
आणि युरोपच्या त्या गलक्याखालून
एक बाई.
व्हिक्टर, युनिफॉर्म, टू, मग खरखर.
पुन्हा विचारलं. पुन्हा खरखर,
आणि तिच्यामागून, तिच्याहून स्पष्ट,
कुणी ओरडत गेली:
"बांगडे व्हये काय गेऽऽ"

पाय पेडलवरच राहिला माझा.
वेंगुर्ला? मी मराठीतच विचारलं.
"शिरोडा," ती म्हणाली. "शाळेत विज्ञान शिकवते.
सेट मीच जोडलाय, पाच वॅटचा, तार माडाला.
तुम्ही पाच-नऊ दिलंत खरं,
मला मात्र तुम्ही तीन-तीनच येताय.
खोटं कशाला लिहू?"

वर युरोप दारं बडवत होता.
आकडा एकशे ऐंशीवरून साठावर आला, मग चाळीसवर.
मी सलीमकडे पाहिलं.
तो म्हणाला, माझे आजोबा तुमच्या किनाऱ्यावरून सागवान आणायचे,
परतीच्या वाऱ्यासाठी महिनोन्‌महिने थांबायचे.
बोल तू.

काय बोलणार?
जेवणाची वेळ नव्हती, हवा दोघांकडे बरी होती.
तिनंच विचारलं, "तुमच्या मागे काय आपटतंय हो?
मघापासून. ठक, मग जरा थांबून ठक."

काही आपटत नव्हतं.
मग आपटलं.
थंकच्चन अनवाणीच जिन्यात पळाला, मागे रोडेल.
उत्तरेचा तणावा सुटून पाण्याच्या टाकीवर डोकं आपटत होता,
खांब कलला होता, आणि आम्ही चौघं
सगळ्या जगाला कान देऊन बसलेलो.
त्यांनी खांब अकरा मिनिटं धरून ठेवला,
सलीमनं गाठ मारली, नाखव्याच्या घरातली गाठ.
मी परत आलो तेव्हा शिरोडा गेलं होतं.
तिथे कुणीतरी इटालियन, आमचीच जागा बळकावून.

सोमवारी पहाटे चारला बँड एकदम रिकामा झाला,
लग्नानंतरच्या मांडवासारखा.
निकालाला अजून काही महिने.
चार हजार दोनशे सहा ओळी तपासताना
रोडेल थांबला: सगळीकडे पाच-नऊ, इथे तीन-तीन कसं?
बदलू?
नको, म्हटलं.

मग झोपायच्या आधी, शुक्रवार नसताना, घरी फोन लावला.
कसा आहेस, तिनं विचारलं.
घसा बसलाय, म्हणालो. कंटाळलोय गं जरा.
पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर.
मग ती म्हणाली,
थांब, गॅस बंद करून येते.