तीसपट

इम्तियाज किल्लेदारानं बिलाच्या पाठीवर लिहून दिलं:
तीसपट झूम, वजन तीनशे ग्रॅम, एका हाताचा वापर,
चौदा हजार.
"संध्याकाळपर्यंत फिरवून आणा, परशरामण्णा.
नाही पटला तर ठेवा परत.
तुमच्याकडनं डिपॉझिट कसलं घ्यायचं?"

तीनशे ग्रॅम.
तीस वर्षं मी नऊ किलोची पिशवी वागवली,
खानापूर, बिडी, नंदगड, हलगा,
दोन्ही भाषांतल्या अक्षता डोक्यावर झेलत.
आता उजवा हात कानापर्यंत जात नाही.
डॉक्टर म्हणतात, खांदा गोठलाय.
अशा खांद्याला हा कॅमेरा
म्हणजे खिशातली काडेपेटी.

म्हणूनच विश्वास बसेना.
राजहंसगडावर गेलो, सावकाश, बुरूज धरत.

पहिली खोट: उन्हात पडद्यावर काहीच दिसत नाही,
दिसते ती आपलीच मिशी.
रुमाल डोक्यावर घेऊन बघावं लागतं,
जुन्या पेटी कॅमेऱ्यासारखं.
बटण दाबलं की कासवासारखी मान काढतो,
एवढं आवडलं.

चोवीसवर सगळं मावतं:
शेतं, येळ्ळूर, पलीकडं धुरात बेळगाव,
पण नातेवाइकांच्या ग्रुप फोटोसारखं,
सगळे आहेत आणि कुणीच नाही.
मग ओढत नेलं.
एस.टी. जवळ आली, पाटीवरची गोल अक्षरं लागली,
खालची देवनागरी धुळीनं खाल्ली होती का
नव्हतीच, ते कळलं नाही.
घार धरायला गेलो. तो गवतात फोकस शोधत बसला,
घार सुळगा ओलांडून गेली.

चोवीसला हात सगळ्यांचाच स्थिर असतो.
सातशेवीसला नाडी दिसते.
श्वास धरला, कोपरं दगडाला टेकली,
तरी क्षितिज उडतच होतं, ठक् ठक्,
चौसष्ट वर्षांचं.

आणि साठपट म्हणून जे छापलंय ते खरं नव्हे.
तीसच्या पुढं तो बघत नाही,
अंदाज करतो.

मग उगाच आपलं घर शोधलं.
देवळाचा कळस, तिथनं डावीकडं,
निळी टाकी, गच्चीवर मिरच्यांचा तांबडा चौकोन.
त्याच्या कडेला हौसा.
समोर शेजारची गंगव्वा, हात वर करून काहीतरी सांगणारी.
हौसा वाकली.
मला वाटलं, चक्कर आली.
गुडघ्यावर हात मारला तिनं,
परत वाकली,
पदर तोंडात कोंबून मिरच्यांतच बसली.

हसत होती.

शेकडो नवऱ्या हसवल्या मी या हातांनी,
"वहिनी, इकडं बघा, दात दिसू देत की थोडे."
घरात कॅमेरा काढला की हिचा चेहरा
रेशनकार्डावरचा.
आणि गंगव्वाला मराठी येत नाही.
म्हणजे हिला एवढं कन्नड येतं,
पोट धरून हसण्याइतकं.
कधी शिकली?
मी कुठल्या मांडवात होतो तेव्हा?

दाबलं.
नंतर मोठं करून बघितलं: तिचा चेहरा
सात ठिपके, फार तर आठ.
त्यातला एक पांढरा.
ते दात, का तांब्यावरचं ऊन,
शपथेवर सांगता येणार नाही.
चोरून काढला असं वाटलं,
पुसायच्या बटणावर अंगठा गेला
आणि तिथंच राहिला बराच वेळ.

इम्तियाजला म्हटलं,
"पडदा उन्हात दिसत नाही, कडा जांभळ्या मारतात,
बॅटरी दुपारीच अर्ध्यावर. तेरा दे."
साडेतेराला दिला. कार्ड त्यातच.

घरी हौसानं हातात घेऊन वजन बघितलं.
"एवढूसाच? ह्याला एवढे पैसे?"
मी समोर धरला.
तिनं पदर सारखा केला,
पाठ ताठ, नजर भिंतीवर.
ती तिथं, मी इथं, मध्ये एक चटई.
पडद्यावर नुसता पातळाचा रंग,
हिरवा चौकोन लागतच नव्हता.

पूर्ण झूमवर दीड मीटरच्या आतलं त्याला दिसत नाही.
एवढं मात्र त्यांनी पत्रकात
प्रामाणिकपणे छापलंय.