चादरीचं दुसरं टोक

वीज पहाटे चार ते सात.
तेवढ्यात जे कापायचं ते कापून घ्यायचं.
पोल्ताव्हातलं हे तळघर. अर्ध्यात बटाटे,
अर्ध्यात मी, दोन स्पीकर
आणि ओरिस्यानं पाठवलेली
अठ्ठावन्न तासांची नदीकाठची माणसं.

माझं काम आवाजाचं.
आधी डोळे मिटून ऐकतो सगळं:
कोंबड्या. पंपाचा दांडा. कुणीतरी काचा झाडतंय.
काचा झाडल्याचा आवाज आता मला नीट ओळखू येतो.
फरशीवर वेगळा, मातीत वेगळा,
चपलेच्या तळव्यात रुतून घरभर हिंडणारा
तर अगदीच घरगुती.

एकतिसाव्या तासाला यावदोखा येते.
शाळेत स्वयंपाक करायची, शाळा होती तोवर.
मुलाचं नाव तिनं एकदाच घेतलंय अख्ख्या चित्रणात,
तेही कुत्र्याला हाक मारताना, चुकून.

ओरिस्यानं फ्रेम लावलेली, मागे नाशपातीचं झाड.
विचारते, तुम्हाला आत्ता काय वाटतं?
यावदोखा म्हणते, वाटायला सवड कुठाय.
ते यंत्र ठेव खाली
आणि चादरीचं दुसरं टोक धर.

मग चार मिनिटं अकरा सेकंद
कॅमेरा खिडकीच्या कट्ट्यावर.
समोर भिंत. भिंतीला एक खिळा.
खिळ्यावर काय असायचं ते कुणी विचारत नाही.
फक्त बादलीत पडणारं पाणी,
आणि, अगं उलटं पीळ, माझ्याच बाजूला काय पिळतेस,
आईनं शिकवलं नाही का काही?
दोघी हसतात. हसता हसता यावदोखा म्हणते,
धुवायची नव्हती ही. त्याचा वास होता.
पण रात्री पाच जण यायचेत पलीकडच्या गावाहून,
छप्पर गेलेले. त्यांना काय घालू अंथरायला?
पाणी पडत राहतं. मग थेंब. मग तेही नाही.

लांबच्या एका शहरातून, पैसे देणाऱ्यांचं पत्र आलं.
मनापासून लिहिलेलं, खोट काढायला जागा नाही.
चार मिनिटं भिंत जरा जास्त होते,
खाली थोडा सायरन घालता येईल का,
म्हणजे युद्ध आहे हे कळेल.

सायरन आहेत माझ्याकडे. एकोणीस, गावांच्या नावानिशी.
त्या दिवशीचाही आहे,
पण तो सकाळचा, चादर अजून भिजत होती तेव्हाचा.
सरकवून पाहिला पिळण्याखाली.
आवाज खरा, जागा खोटी.
आणि शोभला. इतका शोभला
की मी खुर्चीवरून उठलो आणि बटाटे मोजत बसलो.
परत येऊन काढून टाकला.

शिवाय मला मिरहोरोद आठवत होतं.
वाचनालयाच्या तळघरात आधीचा कच्चा सिनेमा लावलेला,
नवव्या मिनिटाला पडद्यावर सायरन,
आणि साठ माणसं एकदम उभी.
लुक्यान प्रोजेक्टरमागून ओरडतोय,
सिनेमातला आहे! अहो, सिनेमातला!
पुढच्या रांगेत एक मुलगी
बाहुलीच्या पायात बूट चढवत होती.
दुसरा बूट चढेपर्यंत ती थांबलीच नाही.

यावदोखाला परवा ओरिस्यानं दाखवलं, फोनवर,
तिच्याच चुलीपाशी.
भिंत आली तशी ती वाकून बघायला लागली,
जणू खिळ्यावरचं काही दिसेल.
शेवटी म्हणाली, पाणी बरोबर वाजतंय.
पण या पोरीला पिळता येत नाही,
हे आता सगळ्या जगाला कळणार.

पत्राचं उत्तर अजून लिहायचंय.
सात वाजायला तीन मिनिटं.
भिंत पुन्हा एकदा लावतो, पहिल्या थेंबापासून,
आणि खिळ्यापर्यंत पोचायच्या आत
दिवा जातो.

काळोखात सवयीनं हात बटाट्यांकडे जातो.
डोळे फुटलेत काहींना.
ते बाजूला काढायला हवेत, लागवडीला.