माज

कणकुंबीच्या अलीकडं, जिथं फोनला आधी कर्नाटक,
मग गोवा, मग काहीच मिळत नाही,
तिथं भरमाणी घाडी दगडाच्या कपारीत खांद्यापर्यंत हात घालतो
आणि वाम काढतो.
चार फूट. साडेतीन किलो. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली.
"मोजा बाई लवकर," म्हणतो, "हिला घाई हाय."

उद्या सर्वपित्री. रात्र काळी असेल.

कल्ल्यामागं आमचीच खूण, गेल्या वर्षीची.
डोळा तेव्हापेक्षा दीडपट.
पोटाचा पिवळा रंग जाऊन रुपेरी चढत आलेला.
यंत्राचे दोन चिमटे तिच्या पाठीला लावते.
अठ्ठावीस टक्के.
म्हणजे जवळजवळ किलोभर चरबी
एवढ्याशा सडपातळ देहात.

आमच्या घरात हा शब्द शिवीच होता.
चरबी चढलीय काय गं?
माज आलाय व्हय?
आणि त्याच दारातून अप्पा गोठ्यातून येत,
म्हैस माजावर आली, असं आनंदानं सांगत,
बिडी शिलगावून डॉक्टरला बोलवायला निघत.
तोच शब्द.
मला वाटायचं, त्यांना ऐकू येत नाही का?

बारा-चौदा वर्षं ही या ओढ्यात खेकडे फोडत होती.
झिंगे, शिंपल्या, पुरात वाहून आलेले उंदीरसुद्धा.
आता खाणं बंद.
आतडं आकसत आकसत सुतळीएवढं होईल,
तोंड राहील, भूक राहणार नाही.
इथून खाली धबधबे, मग म्हादई, मग खारं पाणी,
त्याच्यापुढं कुठं,
ते कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.
माझ्या वहीत त्या जागी प्रश्नचिन्ह आहे, पेन्सिलीचं.
वाटेत कुठंही ती जेवणार नाही.
किलोभरातच पोहायचं,
उरेल त्यातून अंडी भरायची.

जांबोटीच्या मोरीखाली आणखी एक आहे.
चिकन सेंटरची आतडी तिथंच पडतात.
तिचा आकडा तेहतीस.
पण डोळे बारीक, पोट पिवळंच, सलग तिसऱ्या वर्षी.
सर म्हणतात, नुसती किती ते नव्हे, कशाची चरबी ते बघा,
अंड्याला लागणारं काहीतरी तिच्या ताटात नाही.
भरमाणी म्हणतो, "आयतं मिळूलालंय, कशाला जाईल?"
मी दोन्ही लिहून घेतलं,
एक तक्त्यात, एक समासात.

एकोणिसाव्या वर्षी टिळकवाडीतल्या खोलीत
मी चहा आणि खारीवर परीक्षा दिल्या.
दोरीवर कपडे वाळायचे, पाळीचे नसायचे.
सात महिने.
आधी बरंच वाटलं, खर्च वाचला.
डॉक्टर मंगसुळीबाईंनी दंड चिमटीत धरून बघितला,
जनावर बघतात तसा,
आणि म्हणाल्या, "आधी अंगाला काही लागू दे.
शरीर हिशेब केल्याशिवाय पाऊल टाकत नाही."
येताना त्यांच्या कंपाउंडरनं पावशेर कुंदा हातावर ठेवला.
मी तो बस येईपर्यंत, स्टँडवर उभ्यानं, संपवला.
लाज वाटली. बोटंसुद्धा चाटली.

"झालं?" भरमाणी विचारतो.
खानापूरच्या बाजारात हिचे दोन हजार तरी आले असते,
हे त्यालाही माहीत आहे, मलाही.
तो गोणपाट उलगडतो.
ती लगेच जात नाही.
उथळ पाण्यात थोडी पडून राहते,
मोठ्या नव्या डोळ्यांनी, कशाकडं कोण जाणे, बघत,
आणि मग दगडांमधून
तेल ओतावं तशी उतरते.

दोनदा साबण लावला.
हाताचा बुळबुळीतपणा जात नाही.
वहीवर अंगठा उमटलाय
अठ्ठाविसाच्या शेजारी,
अर्धा पारदर्शक,
पलीकडच्या पानावरचं अक्षर दिसेल इतका.