वाक्यात उपयोग करा

ध्वजस्तंभ. नाम, पुल्लिंगी.
फळ्यावर लिहिताना खडू ‘स्तं’वरच मोडला.
सहावी ब. तापलेले पत्रे.
मागच्या गल्लीत यंत्रमागांची खटखट,
तिच्यावर आवाज चढवून बोलायची
सवय झालीय आम्हा सगळ्यांना.

‘बाई, म्हंजे झेंड्याचा पाइप का?’
‘हो. पण वहीत तसं लिहायचं नाही.’

लिहिलं त्यांनी:
पकडापकडीत ध्वजस्तंभाला हात लावला की राज्य येत नाही.
ध्वजस्तंभ सावली देतो, पण एकालाच, आणि तीही उभ्याला.
यास्मीन बागबानची अम्मी हा शब्द वापरत नाही,
ती म्हणते, ‘झंडे के पास ठैर.’
झंडा तिथं वर्षातून दोन-तीनदा.
यास्मीन थांबते रोज.

बसलिंग उठला. त्याचा काका जत्रेआधी
रात्र रात्र सराव करतो,
कमरेच्या पट्ट्यात काठी पेलून.
‘तो पण ध्वजच की बाई, नंदीध्वज.
पण त्याला स्तंभ नाय म्हणत बे,’
जीभ चावली, ‘...बाई. ती काठी. ती चालते.’

घरी कोश उघडला.
स्तंभ: खांब. शिवाय, जागच्या जागी थिजणे.
चालण्याबद्दल काही नव्हतं.

पंचवीस जानेवारीला कप्पी अडकली.
दोरी ना वर, ना खाली.
नागनाथ शिपायानं बाकावर शिडी ठेवली,
शिडी आम्ही चौघींनी धरली,
आणि वरून त्यानं बोटभर गुंता खाली टाकला:
टॉवेलचं सूत, मोरपंखी,
कुठल्या पाखरानं नेऊन कोंबलेलं.

पद्मजा एनगंदूलनं ते उचललं,
नखानं पीळ उलगडून पाहिला.
‘आमच्या नान्नाच्या मागावरचा रंग आहे.’
माग दिवाळीतच भंगारात गेला,
किलोच्या भावानं.
सूत तिनं कंपासपेटीत ठेवलं.
तिच्या वहीत ‘उपयोग’पुढं
अजून दोन ओळी कोऱ्या आहेत.

सव्वीसला दोरी सरसर गेली,
शेंड्याशी एक बारीक हिसका,
मग झेंडा उलगडला, झेंडूच्या पाकळ्या सुटल्या.
यास्मीन तिच्या नेहमीच्या जागेवर.
एक पाकळी नाकावर बसली तिच्या.
काढली नाही.
सावधान होती.